कुटं दुकतंय

६ जानेवारी २०२५, सोमवार
कुपवाड

आज ताईंनी मला एक काम दिलं आणि मी हो म्हणालो.

ताई म्हणजे संयोगिताताई. मिरजेत दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत त्यांची कृत्रिम पाय बनवण्याची कार्यशाळा आहे. मी आठ महिन्यांपासून तिथे चामड्याचे पट्टे शिवतो आणि प्लॅस्टरचे साचे घासतो. कार्यशाळा त्यांच्या वडिलांनी, आप्पासोंनी काढलेली. गेल्या श्रावणात ते वारले. त्यांनी केलेल्या प्रत्येक पायाची नोंद त्यांच्या जुन्या संगणकात आहे. तो संगणक पाच महिन्यांनी आज सुरू केला, तर आत फट् असा आवाज झाला आणि जळका वास आला. ताई म्हणाल्या, तू मोबाईल दुरुस्त करतोस ना, मग बघ. त्या लगेच चहा सांगायला बाहेर गेल्या. चहावाला रोज न सांगता येतो. बहुतेक त्या माझ्यावर नाराज असाव्यात.

हे सगळं हवालदार सयाजीकाकांसाठी आहे. ते रहिमतपूरजवळच्या गावचे, फौजेत होते. सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. आप्पासोंनी केलेला पाय ते बावीस वर्षं वापरत होते, मध्ये दोनदा तसाच नवा करून घेतला. दिवाळीनंतर उसाचा फड तुटल्यावर पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवलं. काकांनी पाय काढून बांधावर ठेवला होता आणि ते झाडाखाली पडले होते. वारा फिरला आणि पाय जळून गेला. सांगताना ते स्वतःच हसत होते : "एक पाय सुरुंगाने नेला, दुसरा पाचटाने. आता तिसरा द्या, तो मी उशाला घेऊन झोपतो."

ताईंनी तिसरा दिला. पाय ज्या वाटीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. ते सॉकेट घासलं आणि जखम झाली. दुसरं केलं, पुन्हा त्याच जागी जखम. काकांना साखरेचा त्रास आहे. डॉक्टर म्हणाले, आता ही जखम भरेल, पण पुन्हा झाली तर गुडघ्याच्या वर कापावं लागेल. म्हणजे पुढचं सॉकेट शेवटचं. आप्पासो काय वेगळं करत होते ते त्या संगणकातच असणार.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. कोण काय बोललं ते मी या वहीत शुद्ध करून लिहितो. काका काही असं पुस्तकी बोलले नाहीत. पण आमच्याकडचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं तर ही वही मलाच वाचावीशी वाटणार नाही. अकरावीत सरांनी माझा निबंध वर्गात मोठ्याने वाचला होता. त्यात एका पानावर सात वेळा 'न्हाई' होतं. बारावीला मी गेलोच नाही. तेव्हापासून शुद्धलेखनाची छोटी पुस्तिका माझ्या खिशात असते.

७ जानेवारी, मंगळवार

संगणक उघडला. मुख्य पाटीवरचे चार कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, फुगून फुटलेत. पाटीही जळाली आहे आणि तशी आता मिळत नाही. पण हार्ड डिस्क वेगळी असते. ती फिरली तर आशा आहे.

सांगलीहून जुनी डिस्क जोडायची केबल आणली. डिस्क हातात धरली आणि वीज दिली. आधी काही नाही. मग आत बारीक थरथर सुरू झाली, जशी मांजराच्या गळ्याला हात लावल्यावर लागते.

अख्ख्या डिस्कची नक्कल लॅपटॉपवर करून घेतली. अठरा मिनिटं लागली. तेवढा वेळ मी खुर्चीवरून हललो नाही. एका माणसाचं पंचवीस वर्षांचं काम एका फाईलमध्ये मावलं आणि लॅपटॉपला त्याचं काही वाटलंही नाही.

नोंदींची फाईल सरळ उघडून पाहिली. नुसती इंग्रजी अक्षरं, चिन्हं, टिंबं. मराठी तेव्हा वेगळ्या पद्धतीने साठवत असत. शिवाय तिला कुलूप आहे. ती वाचायची तर ज्या घरात ती जन्मली तेच घर उभं करावं लागणार : विंडोज ९८.

९ जानेवारी, गुरुवार

व्हर्च्युअल मशीन नावाची एक गोष्ट असते. म्हणजे लॅपटॉपच्या आत आणखी एक संगणक, जो खरा नसतो. त्याला मेमरी, डिस्क, पडदा सगळं आपण सांगू तसं. आतल्या विंडोजला ते कळत नाही. त्याला वाटतं आपल्याला खरंच शरीर आहे.

मी त्याला चार जीबी मेमरी दिली. जुन्याकडे तिचा जेमतेम बत्तिसावा भाग होता. म्हटलं, खूष होईल. तर पडद्यावर संदेश आला : मेमरी अपुरी आहे.

तीनदा वाचलं, तरी तेच. मग कुठल्या तरी परदेशी माणसाने पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेलं उत्तर सापडलं. विंडोज ९८ला फार मेमरी दिली तर ती मोजता मोजता त्याचा हिशेब फिसकटतो आणि ते अपुरी म्हणतं. १२८ एमबी केली, जुन्याकडे होती तेवढीच. पुढे सरकलं.

यावर मी जेवताना विचार करत होतो. आई म्हणाली, "डबा भाईर ठेवलाय." मी म्हणालो, "बाहेर." तिने डबा उचलून आत नेला.

११ जानेवारी, शनिवार

आज दिवसभर एकच काळा पडदा आणि एकच ओळ : विंडोज संरक्षण त्रुटी. पुन्हा सुरू करा. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. एकवीस वेळा मोजलं, मग मोजणं सोडलं.

ताईंनी येऊन विचारलं, "किती दिवस लागतील?" मी म्हणालो, माहीत नाही. त्या पडद्याकडे बघत नव्हत्या, आप्पासोंच्या कीबोर्डकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, तो पुसू नकोस. मी तो पुसायला घेतला होता, म्हणून रागावल्या असतील.

कीबोर्डवर आप्पासोंनी मराठी अक्षरांचे कागद चिकटवले आहेत. बहुतेक झिजलेत. 'क'चा तर नुसता डाग उरलाय. 'ण' मात्र कोरा करकरीत. का, ते कळलं नाही.

१३ जानेवारी, सोमवार

कारण सापडलं, आणि ते वाचून मी उठून गल्लीत एक चक्कर मारून आलो.

सुरू होताना हे विंडोज यंत्राचा वेग मोजतं. एक ठरावीक काम करतं आणि त्याला किती वेळ लागला ते बघतं. आजचं यंत्र इतकं जलद आहे की लागलेला वेळ शून्य येतो. त्या शून्याने ते भागाकार करतं. भागाकार होत नाही आणि ते जागीच थांबतं.

म्हणजे त्यात बिघाड काहीच नाही. आपण इतके जलद होऊ असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यावर उतारा आहे. कोणीतरी, कुठेतरी, फुकट लिहून ठेवलेला, इवलासा. न दिसणाऱ्या फ्लॉपीवरून तो न दिसणाऱ्या संगणकात घातला. पडद्यावर ढग आले. निळं आकाश आणि पांढरे ढग. पडदा बटबटीत सोळा रंगांत होता, सगळं मोठं मोठं दिसत होतं, पण उजव्या कोपऱ्यात घड्याळ चालत होतं आणि मधोमध एक चित्र होतं, त्याखाली 'PAY'.

मी ताईंना हाक मारली. त्यांनी दारातूनच पाहिलं. म्हणाल्या, "हेच. असंच दिसायचं." आणि हात धुवायला गेल्या. हात स्वच्छ होते.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

कार्यशाळा बंद. आईने तिळाच्या वड्या केल्या. दुसऱ्या मजल्यावर वाटायला जाताना ती जिना आडवी होऊन चढते, एकेक पायरी. कारखान्यात आठ तास उभं राहून पॅकिंग करते, त्याने दमत असेल. विचारलं, "गुडघा दुखतो का?" ती नाही म्हणाली.

१६ जानेवारी, गुरुवार

'PAY' उघडलं. म्हणजे 'पाय', हे मला आज कळलं. मी आधी पगाराचं काहीतरी समजत होतो.

आत एक चौकट आहे. वर दोन शब्द, खाली रिकामी जागा. शब्द असे : 'पैला सवाल'. 'पहिला' असं हवं होतं. टंकलेखनाची चूक. उत्तर दिलं की कुलूप उघडणार. पाच वेळा चुकलं तर हा प्रोग्राम नोंदी पुसून टाकतो, असं एका कोपऱ्यात लिहिलंय.

पण व्हर्च्युअल मशीनमध्ये एक सोय आहे. कुठल्याही क्षणी सगळ्या संगणकाचा ठसा घेऊन ठेवता येतो. पुढे काहीही चुकलं तरी त्या क्षणाला परत येता येतं, चूक झालीच नव्हती असं. मी ठसा घेतला, मुद्दाम पाच चुका केल्या, नोंदी पुसू दिल्या आणि मागे आलो. सगळं जागच्या जागी. तीन वेळा असं केलं. गरज नव्हती.

मला माझ्या आयुष्यात एवढं मोठं काही कोणी दिलेलं नाही. सयाजीकाकांच्या पायाला मात्र असा ठसा नाही.

१८ जानेवारी, शनिवार

पहिला प्रश्न कोणता ते ताईंना लगेच कळलं. मलाही कळायला हवं होतं, तीन महिने मी आप्पासोंच्या हाताखाली होतो. रुग्ण दारात आला की नाव-गाव विचारायच्या आधी ते एकच विचारत : कुठे दुखते आहे?

मराठी टंकन मला येत नाही, म्हणून कागदावर अक्षरांचा तक्ता करून एकेक कळ दाबली. 'कुठे दुखते आहे'. चूक. प्रश्नचिन्हासह. चूक. 'कुठे दुखत आहे'. 'कोठे दुखते आहे'. 'कोठे दुखते'. मागे आलो. पुन्हा पाच. पुस्तिका काढून प्रत्येक शब्दाची वेलांटी-उकार तपासले, कारण एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर कुलूप कसं उघडणार? 'कुठं दुखतंय' हेसुद्धा करून पाहिलं, अनुस्वारासह आणि अनुस्वाराविना.

एकतीस झाले. सगळे कागदावर नीट ओळीत लिहून ठेवलेत.

२० जानेवारी, सोमवार

अजून अठरा. ताई म्हणाल्या, काकांची जखम भरली, बुधवारी ते येतायत, नोंद मिळो न मिळो मला माप घ्यावंच लागेल. आवाज शांत होता. पण साच्याचं प्लॅस्टर त्यांनी दोनदा भिजवलं आणि दोन्ही वेळा तसंच घट्ट होऊ दिलं.

२२ जानेवारी, बुधवार

घडलं तसं लिहितो.

काका दहाच्या गाडीने आले, कुबड्यांवर. ताई प्लॅस्टर आणायला गेल्या होत्या. काका माझ्याशेजारी बसले आणि माझा एकोणपन्नास उत्तरांचा कागद उचलून चष्म्याशिवाय लांब धरून वाचू लागले. मग हसायला लागले. इतके की कुबडी खाली पडली.

यानंतरचं मी जसंच्या तसं लिहिणार आहे. दुसरा इलाज नाही.

"ह्ये काय रं?"

मी सांगितलं, आप्पासोंचा पहिला प्रश्न.

"ह्यो आप्पा न्हवं गड्या. ही सांगली आकाशवानी हाय. सकाळच्या बातम्या."

"मग ते कसं म्हणत?"

काकांनी पाठ जरा वाकवली, मान तिरकी केली, आणि क्षणभर आप्पासोच तिथे बसले. "कुटं दुकतंय?"

मी हे तीन महिने रोज ऐकलं होतं. रोज. आणि ऐकताना दर वेळी मनातल्या मनात दुरुस्त केलं होतं. त्यामुळे त्यांनी काय म्हटलं होतं ते माझ्या डोक्यात उरलंच नव्हतं, मी केलेली दुरुस्ती तेवढी उरली होती.

ठसा घेतला. 'क' ला उकार, 'ट' वर टिंब. 'ट' लिहिताना बोट अडलं, खरंच अडलं. काका म्हणाले, "दाब की." 'द' ला उकार, 'क'. 'ख' नाही. 'क'.

पडदा रिकामा झाला. मला वाटलं संपलं. मग वरून खाली ओळी उतरू लागल्या, नाव, गाव, नाव, गाव, थांबेचनात. एक हजार नऊशे बारा पाय. विटा, जत, कोरेगाव, अथनी, म्हसवड. प्रत्येक नावासमोर आकडे, आणि आकड्यांखाली आप्पासोंची एक ओळ.

'बाय बोलत न्हाई. नवरा बोलतो. नवऱ्याला भाईर बसीव, मग इचार.'

'पोरगं खेळतंय. सा म्हैन्यानं परत बोलीव, वाडतंय.'

'हिचा चुलीम्होरं बसायचा पाय. गुडगा लय दुमडतो. आदी बसून दाकव म्हन.'

'दुकतंय म्हनतो ते नसलेल्या अंगठ्यात. तितं काय करता येत न्हाई. निस्तं आयकून घ्यायचं.'

ही शेवटची ओळ मी किती वेळा वाचली माहीत नाही. एका माणसाला नसलेल्या अंगठ्यात दुखत होतं. ते ऐकून घेणारा माणूसही आता नाही, आणि त्याने लिहून ठेवलेलं मी एका नसलेल्या संगणकात वाचत होतो.

सगळ्या नोंदींत एकही 'ण' दिसला नाही.

सयाजीकाकांची नोंद ३०८ वी. तोवर ताई आल्या होत्या. प्लॅस्टरची पिशवी हातात तशीच. मी वाचू लागलो, त्यांनी मला थांबवलं आणि स्वतः वाचली, मोठ्याने, आप्पासोंच्याच उच्चारात. ताई पुण्याला शिकून आल्यात, त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

'फौजी हाय. दुकतंय का इचारलं तर न्हाईच म्हननार. का म्हनून इचारू नगं, कुटं म्हनून इचार. नडगीच्या भाईरच्या अंगाला, गुडग्याखाली चार बोटं, शिरंची गाट हाय. फोटूत दिसत न्हाई. बसला की आत जाती, हुबा ऱ्हायला की वर येती. संयू, ह्येचं माप बसवून घिऊ नगं. हुबं करून घे.'

ताई 'संयू'पाशी थांबल्या. मग शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा 'संयू'पासून. मला वाटलं, आता हात धुवायला जातील. गेल्या नाहीत. लॅपटॉपसमोरच्या स्टुलावर बसल्या आणि पिशवी मांडीवर धरून राहिल्या. काका कोणाकडेच न बघता म्हणाले, "दोन डाव तुज्याम्होरं बसलो पोरी. तू इचारलंस आराम हाय का. मी म्हनलं हाय."

"आवं काका, जखम हुईस्तवर?" ताई त्याच बोलीत म्हणाल्या.

"सवय."

२३ जानेवारी, गुरुवार

माप उभं करून घेतलं. काकांचे दोन्ही हात माझ्या खांद्यावर, चांगला पाय जमिनीवर, कापलेल्या पायाखाली फोमचा ठोकळा. ताई खाली बसून बोटांनी चाचपत होत्या. चार बोटं खाली त्यांचं बोट थांबलं. काकांच्या तोंडावर काही दिसलं नाही, पण माझ्या खांद्यात त्यांचं बोट रुतलं. मी ताईंना सांगितलं. त्यांनी तिथे निळ्या पेन्सिलीने गोल केला.

माझ्या खांद्यावरही गोल आहे. तो निळा नाही, लाल आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

साच्यावर त्या जागी ताईंनी उंचवटा दिला, म्हणजे सॉकेटमध्ये तिथे खळगा येईल. किती, ते आप्पासोंनी लिहिलं नव्हतं. ताईंनी अंदाजाने दिला, मग घासून निम्मा केला, मग पुन्हा वाढवला. मी विचारलं, कसं ठरवलंत? म्हणाल्या, आप्पा जिभेवर बोट लावून साच्यावरून फिरवायचे. त्यांनीही तसंच केलं. प्लॅस्टरची चव घेऊन तोंड वाकडं केलं.

दरम्यान मी नोंदी नव्या अक्षरांत उतरवून घेण्याचा छोटा प्रोग्राम जुळवतोय. तो करताना दोनदा बोट 'भाईर'चं 'बाहेर' करायला गेलं. दोन्ही वेळा हात मागे घेतला.

५ फेब्रुवारी, बुधवार

काकांचा पाय.

सॉकेट चढवलं, पट्टा मी बांधला. समांतर दांड्यांच्या मधून ते चालले. गेले, आले, गेले. मग दांड्या सोडून चालले. ताईंनी विचारलं, दुखतंय का? काका म्हणाले, "न्हाई." हेच 'न्हाई' याआधी दोनदा झालं होतं.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं माहीत नाही. मी काकांसमोर उकिडवा बसलो. अकरावीचा वर्ग आठवला. मग विचारलं, "काका, कुटं दुकतंय?"

त्यांनी वाकून सॉकेटच्या मागच्या काठावर, गुडघ्याच्या खाचेत बोट ठेवलं. "हितं. बारीक. बसल्यावर."

ताईंनी सॉकेट काढलं, काठ तापवून बाहेर वळवला, घासला. पुन्हा चढवलं. काकांना बसवलं, उठवलं, चालवलं. संध्याकाळी पाचपर्यंत. पाय काढून पाहिला तर नडगीची कातडी जशीच्या तशी, लालीसुद्धा नाही. काठाच्या जागी फिकट रेघ, तीही दहा मिनिटांत गेली. ताई भिंगाने बघत होत्या. बघून झाल्यावरही बघत राहिल्या.

"आता कुटं?" मी विचारलं.

काका म्हणाले, "आता अंगठ्यात." आणि जिथे अंगठा नाही तिथे बोट दाखवलं.

त्याला काही करायचं नव्हतं. आम्ही ऐकून घेतलं. त्यांनी अंगठ्याची सगळी हकिगत सांगितली, थंडीत कसा ठणकतो, बुटाची नाडी आवळल्यासारखा. त्यात त्यांची साडेपाचची गाडी चुकली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

काकांचा फोन आला. तीन आठवडे झाले, रोज शेतात जातायत, जखम नाही. डॉक्टरांनी कापायचं नाव काढलं नाही. पाय आता बांधावर ठेवत नाहीत म्हणे, झाडाच्या फांदीला टांगतात.

नोंदी सगळ्या उतरवून झाल्या. जुना संगणक ताईंनी भंगारात दिला, कीबोर्ड ठेवला. व्हर्च्युअल मशीनही ठेवलंय. त्याचं आता काही काम नाही. पण ताई सकाळी आल्या की लॅपटॉपवर ते सुरू करतात, ढग येईपर्यंत बघतात, आणि मग प्लॅस्टर भिजवतात.

१ मार्च, शनिवार

आज आई कारखान्यातून आली आणि दाराशीच बसली, चपला न काढता. मी पाण्याचा तांब्या दिला. समोर बसलो.

"आई, कुटं दुकतंय?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू दुसरंच कोणी बोललं. "आं? ह्ये कवापास्नं बोलाया लागलास? तुजं सुद्द-बिद्द कुटं गेलं?"

मी वाट पाहिली.

ती तांब्या हातात फिरवत राहिली. मग साडी घोट्यापासून वर केली, उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवली, आणि तिथून सुरू करून सांगत गेली. चार वर्षांचं दुखणं होतं. मी ऐकून घेतलं, आणि तिने सांगितलं तसं, तिच्याच शब्दांत, वेगळ्या कागदावर उतरवलं. सोमवारी तो ताईंना दाखवणार आहे.